ओंजळीत शाई

मास्तर म्हणाले, "हात पुढे कर."

माझ्या आईनं ओंजळ धरली.

गावच्या शाळेत, मतदानाच्या टेबलासमोर. देशाचं पहिलं मतदान होतं. ती जरा वाकली, दोन्ही तळहात जोडले आणि मान खाली घालून उभी राहिली. विहिरीवर उभी राहायची तशी. जन्मभर गावानं तिला जे दिलं ते वरून दिलं. पाणी वरून. शिळी भाकर वरून. दुकानातली मिठाची पुडी वरून. महाराच्या बाईला कुणी "हात पुढे कर" म्हटलं की ओंजळच पुढे येणार. तिच्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

मग दाराशी खुर्ची टाकून बसलेले पाटील हसले.

"मास्तर, म्हातारीला तहान लागलीय. घाला तीर्थ."

सगळे हसले. मास्तरांचं काम एवढंच होतं की काडी शाईत बुडवायची, मतदाराच्या डाव्या हाताचं पहिलं बोट धरायचं आणि त्यावर रेघ ओढायची. सकाळपासून ते गावाची बोटं धरत होते. कुणब्यांची धरली, वाण्याचं धरलं, पाटलांचं तर दोन्ही हातांनी धरलं. आता त्यांनी काडी बाजूला ठेवली. बाटली उचलली. हात लांब केला आणि आईच्या ओंजळीवर वीतभर उंचीवरून बाटली तिरकी केली.

शाई ओंजळीत पडली. बोटांच्या फटीतून लुगड्यावर गेली, पायांवर गेली.

"घे. दहा माणसांची शाई तुला एकटीला," मास्तर म्हणाले. "लाड आहेत सरकारचे."

परत हशा.

शेजारी केंद्राचे मुख्य साहेब बसले होते. शहरातून आलेले. खादीचा सदरा, चष्मा, बोलणं मऊ. मताची चिठ्ठी त्यांच्याकडून मिळायची. ओंजळ तशीच धरलेली होती. त्यांनी चिठ्ठी त्या ओंजळीत सोडली. शाईत.

आता पुढचं वाक्य लिहितो. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

मी हसलो.

मी पुरुषांच्या रांगेत, तिच्या डाव्या हाताला चार हातांवर उभा होतो. मोठ्यानं हसलो नाही. ओठाचा एक कोपरा वर गेला, तोही टेबलाकडं बघून. त्या हसण्याचा अर्थ मला नंतर कळला. मी त्यांना सांगत होतो, बघा, मला समजतं, मी शिकलेला आहे, मी हिच्यासारखा नाही. माझ्या आईला भर खोलीत नागवं केल्यासारखं करत होते आणि मी करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहायला बघत होतो. तिथं जागा मिळते का, ते चाचपत होतो.

आई गोणपाटाच्या पडद्याआड गेली. साहेब मास्तरांना हळूच म्हणाले, "डाग पडला. मोजणीत ही चिठ्ठी बाद होईल."

"दुसरी द्यायची का?"

"राहू दे आता. पेटीत गेली."

हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मला ऐकू येतंय का, याची त्यांना फिकीर नव्हती. भिंतीसमोर माणूस बोलतो तसं.

आई पडद्यामागून आली. दोन्ही हात जांभळे, अंगापासून लांब धरलेले. चेहरा मात्र उजळलेला. जाता जाता मला म्हणाली, "टाकला रं."

आमचं गाव बदलापूर आणि जांभूळच्या मधलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि उल्हासनगरच्या दोन नंबरच्या कॅम्पात एका छापखान्यात जुळारी होतो. लष्कराच्या जुन्या बराकीत यंत्र होतं. शेठ सिंधी, फाळणीत घरदार सोडून आलेला. शिशाचे खिळे एकेक उचलून मी ओळी जुळवायचो. निवडणूक आली तशी कामाची रीघ लागली. सगळ्या पक्षांची पत्रकं मीच जुळवली. राजकारण मी तिथंच शिकलो, उलट्या अक्षरांत. "मतदारा, तू या देशाचा राजा आहेस." ही ओळ मी इतक्यांदा जुळवली की हात डोळे मिटून जुळवायचे.

आणि मी मूर्खानं ती खरी धरली.

पत्रकांची चवड घेऊन महारवाड्यात गेलो. घरोघरी सांगितलं. घाबरायचं नाही. नाव विचारतील, मोठ्यानं सांगायचं. बोट विचारतील, बोट द्यायचं. आईला तर महिनाभर शिकवलं. "आये, डावा हात. पहिलं बोट. असं सरळ." ती चुलीपुढं बसून बोट सरळ करायची आणि हसायची. "येवढ्या येका बोटासाठी सरकार येनार हाय?" म्हणायची.

बोट द्यायचं, हे मी शिकवलं. पण ते बोट धरणारा हात कुणाचा असणार, याचा विचार केला नाही. पत्रकात तसलं काही नसतं.

त्या मास्तरांनीच मला चार वर्षं शिकवलं होतं. याच शाळेत, या खोलीच्या बाहेर, पडवीत बसवून. पाटी जमिनीवर ठेवायची आणि मागं सरकायचं. मग ते वाकून लांबूनच बघायचे. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही हात लावला नाही. मारतानासुद्धा नाही. छडी फेकून मारायचे, आणि ती मीच उचलून परत उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. मतदानाच्या दिवशी मी त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. तेही गावाचं सगळं उरकल्यावर. "आधी गाव, मग तुम्ही," असं पाटलांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. घटनेत अशी रांग लिहिलेली नाही. गावाला घटनेची गरज पडली नाही.

बायकांची रांग संपली. पुरुषांत मी पहिला. माझ्यामागं अकरा जण.

मास्तरांनी बाटली उचलली.

"हात पुढे कर."

मी बोट पुढे केलं. डावा हात, पहिलं बोट, सरळ.

"खाली धर. अजून खाली."

"बोट धरा, मास्तर."

"काय?"

"सगळ्यांची धरलीत. माझं धरा."

पाटील खुर्चीत सावरून बसले. मास्तरांनी माझ्या बोटाकडं नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. छापखान्याची शाई नखांत मुरते. घासलेटानं घासली तरी कड काळी राहते.

"साहेब, याच्या बोटाला आधीच शाई आहे. हा कुठंतरी मत देऊन आलाय. कॅम्पात राहतो हा."

लबाड माणूस घाईत असला की स्वतःच खड्डा खणतो. मी हात तसाच पुढे ठेवला.

"मग तपासा. ही छापखान्याची शाई आहे, चोळली की निघते. धरा आणि चोळून बघा."

धरल्याशिवाय चोळता येत नाही. मास्तरांनी पाटलांकडं बघितलं. पाटलांनी बाहेर बघितलं. मास्तरांनी टेबलावरचा टीपकागद उचलला, बोटांभोवती गुंडाळला आणि चिमट्यासारखा हात पुढे केला. मी हात मागं घेतला.

"कागदानं नाही. हातानं."

तेव्हा साहेब बोलले. खूप मऊ आवाजात.

"हे बघ बाळ, देशाचं पहिलं मतदान आहे. सगळं जग बघतंय आपल्याकडं. आज असल्या गोष्टी काढू नयेत. आपण सगळे भारतीय आहोत."

"मग तुम्ही धरा."

"प्रश्न तो नाही."

"तोच आहे. नाहीतर लिहून द्या. मतदाराला हात लावायचा नव्हता म्हणून मत नाकारलं. खाली सही करा. मी जातो."

मागून आमचाच एक म्हातारा कुजबुजला, "आरं सोड ना. शाई ती शाई. तुझ्या पायी आमचा पन जाईल." तो चूक नव्हता. पाटलाच्या शेतावर त्याचं पोट होतं. माझ्या पाठीमागं अकरा मतं उभी होती, आणि माझ्या एका बोटासाठी मी ती पणाला लावली होती. हे शौर्य नव्हतं. चार मिनिटांपूर्वी मी हसलो होतो, आणि ते हसू कुठंतरी ठेवायला मला जागा नव्हती.

लिहून द्यायचं म्हटल्यावर साहेबांचा रंग बदलला. सरकारी माणूस देवाला भिणार नाही इतका कागदाला भितो. ते उठले. टेबलाला वळसा घालून आले. चेहऱ्यावर हसू. उघड्या हातानं माझं बोट धरलं, अंगठ्यानं चोळलं, काळं अंगठ्यावर आलेलं सगळ्यांना दाखवलं. मग काडीनं रेघ ओढली.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं. आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, झालं. जिंकलो. हा माणूस वेगळा आहे. हा नवा देश आहे.

मी पडद्याआड गेलो. पेट्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक चित्र. मी चिठ्ठी फटीत सरकवत होतो आणि पलीकडून आवाज आला. पाण्याचा. मास्तर तांब्यानं पाणी घालत होते आणि साहेब हात धूत होते.

पडदा गोणपाटाचा होता. आवाज आरपार येतो.

मी बाहेर आलो आणि दारात उभा राहिलो. जा म्हणाले, गेलो नाही. माझ्यानंतर दुसरा आला. एकदा धरल्यावर आता साहेबांना दुसऱ्याला नाही म्हणता येईना, मी बघत होतो. त्यांनी बोट धरलं. रेघ ओढली. हात धुतले. तिसरा. धरलं, ओढली, धुतले. चौथा. पाचव्याला घडा संपला.

आता पाणी कोण आणणार? एरवी गावाला काही हवं असलं की आम्हांला हाक. पण पाणी आम्ही आणून चालत नाही. पाटील घडा उचलणार नाहीत. मास्तरांना टेबल सोडता येईना. साहेब घड्याकडं बघत राहिले. उरलेल्या सात जणांची बोटं त्यांनी पाण्याशिवाय धरली. शेवटी ते खुर्चीत बसले तेव्हा उजवा हात त्यांनी मांडीपासून लांब, हवेत धरला होता. कुणा दुसऱ्याचा हात सांभाळायला दिल्यासारखा. पाटलांच्या घरून पोहे आले. ताटली तशीच राहिली.

भारत देश एक आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी तो हवेत धरलेला हात सांगतो. बाकी भाषणं मी जुळवलेली आहेत. त्यांचं वजन मला माहीत आहे. शिशाचं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गोमूत्र शिंपडलं. टेबलावर, खुर्च्यांवर, उंबऱ्यावर. आमची मतं पेटीत बसून मोजायला गेली होती आणि मागं आमच्या पावलांवर गोमूत्र पडत होतं. आईला वालाच्या शेंगा काढायला बोलावणं बंद झालं. वाण्यानं मीठ देणं बंद केलं. ज्या म्हाताऱ्यानं मला सोड म्हटलं होतं, त्याला पाटलांनी सगळ्यात आधी काढलं. तो माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. त्याचा राग बरोबर होता.

तीन दिवसांनी छापखान्यात एक मजकूर आला. निवडून येण्याच्या आशेवर असलेल्या एका पुढाऱ्याचं पत्रक. "आपल्या भागात गावोगावी जातिभेद न मानता, बंधुभावाने मतदान पार पडले." मी जुळवायला घेतलं. "जातिभेद न" इथपर्यंत आलो. हात थांबले. खिळे मी फळीवर उलटे केले. सगळी ओळ विस्कटली.

शेठ धावत आला. "ये क्या किया? अरे बाबा, बंधुभाव लिख दिया तो तेरे बाप का क्या गया?"

मी सांगितलं काय झालं ते. त्यानं डोकं धरून ऐकलं.

"सुन," तो म्हणाला, "मेरा मुल्क गया. घर गया, छापखाना गया, नदी गयी. तेरा मुल्क तो तेरे पास है. तू काहे को रोता है?"

तो वाईट माणूस नव्हता. कॅम्पातल्या सगळ्यांचं हेच दुःख होतं आणि ते खरं होतं. पण त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. त्याच्याकडं गमवायला देश होता. दारं, गल्ली, नदी, सगळ्यांची नावं तो सांगायचा. माझ्या पिढ्यान् पिढ्या त्याच गावात गेल्या आणि त्या गावची विहीर मी आतून कधी बघितली नाही. ज्याला सरहद्दीनं हाकललं तो निर्वासित. त्याच्यासाठी कॅम्प उभा राहिला, यादी झाली, शिधा आला. ज्याला वेशीनं हाकललं त्याची कुठंच नोंद नाही.

मी म्हणालो, "शेठ, हे पत्रक मी जुळवणार नाही."

"तो कल से मत आ."

गेलो नाही. आता अंबरनाथला एका कारखान्यात माल उचलतो. सुटीच्या दिवशी पत्रकं हातानं लिहितो आणि वाड्यावाड्यांत वाचून दाखवतो. हे त्यातलंच एक समजा.

आईचे तळवे तिसऱ्या दिवसापासून काळे पडले. ती शाई कातड्यात उतरते. मग कातडं सुटायला लागलं. भाकरी थापताना ती दात आवळायची. पण वाड्यातल्या बायकांना हात दाखवायची. "गावाचा येक बोट काला. माजं दोनी हात काले. मना जास्ती दिला सरकारनी." बायका कौतुकानं बघायच्या.

मी गप्प बसलो. वाटलं, राहू दे तिचा आनंद. किती दिवस आईवर दया केली मी. मग एके दिवशी कळलं की ही दयासुद्धा वरूनच घालत होतो. तिच्या ओंजळीत.

त्या दुपारी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. आये, तुझं मत मोजलं नाही. चिठ्ठीला डाग पडला, ती बाद झाली. शाई जास्ती दिली नव्हती, थट्टा केली होती. ते हसले ते तुला.

ती वाल सोलत होती. सोलत राहिली.

"मना ठावं हाय हसलं ते," ती म्हणाली. "मान खाली व्हती, डोलं नवतं मिटलं. मना वाटला कायतरी देतान, म्हनून वंजल धरली." मग शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "तू पन हसला."

तिनं शेंग परत उचलली. तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारणार नाही. माफी मागणं म्हणजे परत तिच्याकडूनच काहीतरी घेणं.

वाल सोलून झाल्यावर तिनं विचारलं, "परत कवा हाय ता?"

आता परत मतदान आहे. यादी सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला यादीवाला महारवाड्याच्या तोंडाशी उभा राहिला होता आणि मी इथून ओरडून त्याला सगळ्यांची नावं सांगितली होती. हौसेनं. परवा नवा यादीवाला आला. तसाच रस्त्यावर उभा राहिला, तशीच हाक मारली, "नावं सांगा रे."

"आत या," मी म्हणालो. "दारोदारी विचारा. मी ओरडणार नाही."

"उन्हं चढलीत. सांग ना तू."

"मग उन्हात उभे राहा."

तो तासभर उभा राहिला. मग आला. आमच्या दारात पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा वही घेऊन उभा राहिला. आईनं स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यानं वर बघितलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी पुरुषांच्या रांगेत नसेन. आईच्या शेजारी असेन. टेबलावर कोण बसेल माहीत नाही, मास्तर असोत, साहेब असोत, त्यांच्या शेजारी गंगा भरून ठेवलेली असो. ती एक बोट पुढे करील. ते बोट धरलं गेलं पाहिजे, उघड्या हातानं, आणि तो हात धुतला जाताना मी बघितला तर मी तो घडा तिथंच फोडीन. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती लिहून द्या. मी वाचून सही करीन.

या वेळी हसणार नाही.